‘ऑपरेशन झाले ना, मग आता काय?’

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत गेल्या आठवड्यात एका तान्ह्या बाळावर झालेल्या आतड्याच्या शस्त्रक्रियेची बातमी आली होती. जन्मापासून शी होत नव्हती, पोट फुगून गच्च झाले होते, डॉक्टरांनी आतड्याचा सदोष भाग काढला आणि बाळ ‘पूर्ण बरे’ होऊन घरी गेले, असा त्या बातमीचा शेवट होता. वाचून आनंद झाला. त्या आईवडिलांनी काय सोसले असेल याची मला कल्पना आहे, कारण माझ्या मुलीचा मुलगा याच आजारासह जन्मला आणि आज तो आठ वर्षांचा आहे. मात्र ‘पूर्ण बरे’ हे दोन शब्द मला टोचत राहिले. तेच शब्द घेऊन आम्हीही रुग्णालयातून घरी आलो होतो, त्यांच्यावर विसंबून आम्ही त्या मुलाला एकदा गमावण्याच्या बेतात होतो, आणि पुढे शाळेत, नात्यात, शेजारात त्याच शब्दांच्या आधारावर त्याला दोष दिला गेला. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. डॉक्टर नाही, पण गेल्या आठ वर्षांत जे वाचले, तज्ज्ञांना विचारून पडताळले आणि घरात रोज पाहिले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

या आजाराला हिर्शस्प्रुंग यांचा आजार म्हणतात. हाराल्ड हिर्शस्प्रुंग हे कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत अशा दोन बालकांची हकीकत मांडली होती आणि ती दोन्ही बालके दगावली होती. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो आणि नेहमीच्या, म्हणजे आतड्याचा शेवटचा लहान तुकडाच बाधित असलेल्या प्रकारात मुलींपेक्षा मुलगे साधारण चौपट आढळतात. पाच हजारांत एक हा आकडा कानाला लहान वाटतो. पण ठाणे आणि नवी मुंबईसारख्या दाट वस्तीच्या पट्ट्यात दरवर्षी किती बाळंतपणे होतात हे लक्षात घेतले, तर दर वर्षी आपल्या आजूबाजूच्या काही घरांत हे बाळ येतच असणार, हे उघड आहे. तरीही या आजाराचे नाव मी माझ्या नातवाच्या फाइलवर पहिल्यांदा वाचले.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे एक जाळे असते. स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये एक आणि आतल्या अस्तराखाली एक, अशी त्याची दोन पदरी रचना असून त्यांना आवरबाख आणि माइस्नर या शास्त्रज्ञांची नावे आहेत. या चेतापेशी आतड्यात जागच्या जागी तयार होत नाहीत. गर्भ पाच आठवड्यांचा झाल्यावर त्या मानेकडच्या भागातून निघतात, अन्ननलिकेपासून खाली खाली सरकत जातात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास गुदद्वारापर्यंत पोहोचतात. काही गर्भांत हा प्रवास वाटेतच थांबतो. वाटचाल वरून खाली असल्यामुळे चेतापेशींवाचून राहतो तो नेहमी शेवटचा तुकडा. दहांपैकी आठ मुलांत मलाशय आणि त्याच्या वरचे वळण एवढाच, तर काहींत संपूर्ण मोठे आतडे. प्रवास का थांबतो याची काही कारणे जनुकांत सापडली आहेत; त्यांतील रेट नावाच्या प्रमुख जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९९४ मध्ये स्पष्ट झाला. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे, की माझ्या मुलीला रुग्णालयाच्या खाटेवर असतानाच नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले होते, “ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का?” दुसऱ्या कोणी पपईची आठवण काढली. ज्या काळात त्या चेतापेशी वाट चालत होत्या, त्या काळात आपण आई होणार आहोत हे कित्येक स्त्रियांना नुकतेच कळलेले असते. त्यांच्या खाण्यापिण्याचा, उठण्याबसण्याचा, ग्रहणाचा या घटनेशी काडीचाही संबंध नाही. ज्या घरात असे बाळ जन्मेल त्या घरातील आजी-आजोबांनी निदान एवढे तरी मनात पक्के धरावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

चेतापेशी नसलेला तुकडा सैल सोडता येत नाही, तो आवळलेलाच राहतो. निरोगी आतड्यात अन्नाच्या गोळ्याच्या मागचा स्नायू आवळतो आणि पुढचा सैलावतो, म्हणूनच गोळा पुढे सरकतो; बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये हा नियम सांगितला. सैल होण्याची आज्ञा देणाऱ्या पेशीच नसल्या की वाट बंद होते. वरचे, निरोगी आतडे त्या बंद दारावर धडका देत फुगत जाते. इथे वैद्यकशास्त्राचीही मोठी दिशाभूल झाली होती. पोट उघडल्यावर डोळ्यांत भरत असे तो फुगलेला भाग, त्यामुळे दोष तिथेच आहे असे दीर्घकाळ समजले गेले, आणि खाली साधासुधा दिसणारा तुकडा निर्दोष ठरला. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक ऑर्व्हार स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये तो साधा दिसणारा तुकडा काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मुले वाचू लागली. पुढे डुहामेल यांनी १९५६ मध्ये आणि सोआवे यांनी १९६४ मध्ये तिच्यात बदल सुचवले. १९९८ पासून पोट न उघडता केवळ गुदद्वाराच्या मार्गाने हे काम करण्याची पद्धतही आली. रुग्णालयात सगळे तिला ‘पुल-थ्रू’च म्हणतात आणि आता आमच्या घरातही तोच शब्द रुळला आहे.

निदानाबद्दल मला थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण तिथे माझा स्वतःचा दोष आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळी, चिकट शी बहुधा जन्मानंतर २४ तासांत होते आणि ४८ तासांत तर जवळजवळ सर्वच बाळांना होऊन जाते. आमच्या बाळाला ती तिसऱ्या दिवशी झाली, तीही प्रसूतिगृहातील सिस्टरनी बोट लावल्यावर. त्याच दुपारी आम्हाला घरी सोडले. फाइलवर वजन होते, रक्तगट होता, लसी होत्या, पहिल्या शीची वेळ कुठेही नव्हती. घरी आल्यावर बाळाला तीन-तीन दिवस शी होत नसे. मी माझ्या आईने शिकवले होते तेच केले: बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला आणि विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून हलकेच लावला. देठ लावताच फवाऱ्यासारखी शी आणि वारा बाहेर पडे, पोट उतरे, बाळ शांत झोपे. मला वाटे, गुण आला. प्रत्यक्षात तीच या आजाराची खूण होती. आवळलेले दार क्षणभर उघडले की मागे तुंबलेले सारे धावत बाहेर येते, आणि त्या तात्पुरत्या आरामामुळे घरातली माणसे निर्धास्त होतात. हिरवी उलटी झाली तेव्हा कुठे आम्ही घाबरलो. तोवर पाच आठवडे गेले होते. एनिमातून औषध सोडून काढलेला एक्स-रे आणि गुदद्वाराच्या किंचित वरून घेतलेल्या इवल्याशा तुकड्याची बायोप्सी यांनी निदान पक्के झाले. त्या तुकड्यात एकही गँग्लियन पेशी, म्हणजे वर सांगितलेली चेतापेशी, नव्हती. आतडे इतके फुगलेले होते की आधी पोटावर शीचा मार्ग काढावा लागला आणि मोठी शस्त्रक्रिया आठव्या महिन्यात झाली. देठ लावणाऱ्या आज्यांना मी दोष देत नाही, कारण मी त्यांच्यातलीच एक आहे. मात्र आधाराशिवाय बाळाला शी होतच नसेल, तर तो आधार थांबवून बालरोगतज्ज्ञ गाठावा, हे मला कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

आता ज्या मुद्द्यासाठी पत्र लिहायला बसले, त्याकडे येते. शस्त्रक्रिया अप्रतिम झाली, जखम भरली, बाळ स्वतःहून शी करू लागले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग काही महिन्यांनी पुन्हा पोट फुगणे, चार दिवस कोठा साफ न होणे आणि मध्येच चड्डी खराब होणे सुरू झाले. “ऑपरेशन झाले ना, मग आता काय?” हा प्रश्न आम्हाला ज्याने त्याने विचारला. सदोष तुकडा तर काढून टाकलेला होता. मलाही उत्तर येत नव्हते. ते शोधताना मी ज्या पेशींपाशी पोहोचले त्यांचे नाव तीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही मी वर्गात एकदाही उच्चारले नव्हते.

हृदयात ठेका धरणारी एक गाठ असते, हे अकरावीचे विद्यार्थीही सांगतात. तसाच ठेका धरणाऱ्या पेशी जठरात आणि आतड्यातही असतात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल, ज्यांना १९०६ मध्ये गॉल्जी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतड्याच्या भिंतीत चेतातंतू आणि स्नायू यांच्या मधोमध बसलेल्या, लांब शेपट्या असलेल्या विचित्र पेशी पाहिल्या. त्यांना त्या एक प्रकारच्या प्राथमिक चेतापेशी वाटल्या. त्या चेतापेशी नाहीत, हे पुढे कळले. पण नाव राहिले ते काहाल पेशी असेच. त्यांचे काम मात्र अनेक दशके अंधारात होते. १९८२ मध्ये डेन्मार्कच्या लार्स थुनेबर्ग यांनी या पेशी आतड्याच्या पेसमेकर असाव्यात असा विचार मांडला. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांत किट नावाच्या प्रथिनाचे काम रोखले तेव्हा आतड्याची तालबद्ध हालचालच बिघडली, आणि १९९५ पर्यंत हे प्रथिन, या पेशी आणि आतड्यातील विजेच्या लाटा यांचे नाते पक्के झाले. या पेशींवरील किट प्रथिनाला रंग चढवता येतो, म्हणून तेव्हापासून आतड्याच्या तुकड्यात या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधता येऊ लागल्या.

या पेशी माणसाच्या जठरात मिनिटाला सुमारे तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे बारा आणि त्याच्या शेवटी आठ-नऊ अशा संथ लाटा उठवतात. लाट उठली की स्नायू आवळलाच, असे मात्र नाही. लाट स्नायूला तयारीत आणून उभे करते. आवळायचे की नाही, किती जोराने आणि कुठवर, हे चेतापेशींच्या आज्ञेवर ठरते, आणि त्यातील पुष्कळ आज्ञा या काहाल पेशींमार्फतच स्नायूपर्यंत जातात. दिंडीत टाळ-मृदंगाचा ठेका अखंड चालू असतो, पण पुढे कधी सरायचे आणि कुठे थांबायचे हे चोपदाराच्या इशाऱ्यावर ठरते. हिर्शस्प्रुंगच्या आजारात शेवटच्या टप्प्यावर चोपदार नाहीत, हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात येऊ लागले होते. टाळकऱ्यांचे काय, हा प्रश्न गेल्या तीस वर्षांतला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर अजून एकमताचे नाही, आणि ते तसे आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही अभ्यासांत चेतापेशी नसलेल्या तुकड्यात काहाल पेशी विरळ आणि विस्कळीत आढळल्या. काहींत तर त्या वरच्या, चेतापेशी असलेल्या भागातही, म्हणजे शस्त्रक्रियेत जो खाली ओढून जोडतात त्याच आतड्यात, कमी दिसल्या. उलट दुसऱ्या काही संशोधकांना दोन्ही भागांत त्यांची संख्या आणि मांडणी नेहमीसारखीच दिसली. शिवाय उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले आहे, की आतडे अडवून फुगवत ठेवले तर अडथळ्याच्या वरच्या भागातील काहाल पेशींचे जाळे उसवते आणि अडथळा काढल्यावर ते पुन्हा जमून येते. उंदराचे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. तरीही महिनोन्‌महिने फुगून राहिलेल्या आतड्याला सावरायला वेळ लागत असावा, ही शक्यता मला त्या प्रयोगामुळे समजली. बायोप्सीत ‘पेशी आहेत’ असा शेरा मिळालेले आतडे चालीला सर्वसामान्य असेलच, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

यावरून प्रत्येक तक्रारीचे खापर काहाल पेशींवर फोडणेही चूक ठरेल. आमच्या शल्यचिकित्सकांनी फार शांतपणे समजावले होते, की शस्त्रक्रियेनंतर कोठा अडला तर आधी शोधायची कारणे वेगळी असतात: जोड अरुंद झाला आहे का, आतडे खाली ओढताना पीळ पडला आहे का, चेतापेशी अपुऱ्या असलेला एखादा पट्टा मागे राहिला आहे का. गुदद्वाराचा आतला वलयाकार स्नायू तर प्रत्येकच मुलात मागे ठेवावा लागतो, कारण तो काढला तर शीवर ताबा राहणार नाही. आणि तो या मुलांत आपोआप सैलावत नाही. म्हणून काही मुलांना त्या स्नायूत बोटुलिनम विषाचे अगदी अल्प प्रमाणातले इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम काही महिने टिकतो आणि तेवढ्यात मूल मोठे होते. हे सगळे तपासून झाल्यावर उरते ती आतड्याची मंद किंवा बेतालपणे होणारी हालचाल. चड्डी खराब होण्याचीही दोन कारणे एकमेकांच्या अगदी उलट असतात. कुणाच्या पोटात शी साठून तिच्या कडेने पातळ झिरपते, तर कुणाचे आतडे इतके घाईचे असते की शी थांबतच नाही. पहिल्याला कोठा मोकळा करणारे औषध हवे, दुसऱ्याला तेच औषध दिले तर हाल वाढतात. शेजारच्या मुलाला जे लागू पडले ते आपल्या मुलाला द्यावे, असा हा आजार नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी शस्त्रक्रियेने संपत नाही व जिच्यावर ‘पूर्ण बरे’ हे शब्द पडदा टाकतात. तिला एंटेरोकोलायटिस म्हणतात, म्हणजे साचलेल्या आतड्याला येणारी भयंकर सूज. या आजारात मुले दगावतात ती बहुतेक हिच्यामुळे. शस्त्रक्रियेआधी ती होऊ शकते, तशीच नंतरही, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत. आमच्याकडे ती शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी, जुलैत आली. मुलगी ऐरोलीला राहते. बाहेर चार दिवसांचा पाऊस, वसाहतीत दोन घरांत जुलाबाची साथ. बाळाला दुर्गंधी येणारे, फवाऱ्यासारखे पातळ जुलाब सुरू झाले, अंग तापले. जवळच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातले जुलाब समजून ते थांबवणारे औषध दिले आणि मिठा-साखरेचे पाणी पाजायला सांगितले. आम्हीही शस्त्रक्रियेचा उल्लेख ओघात केला, कारण ती गोष्ट संपली असेच आम्हाला वाटत होते. रात्री दोन वाजता बाळाचे पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले आणि ते रडेनासे झाले. जावयांनी भर पावसात ऐरोलीच्या पुलावरून गाडी काढली. रुग्णालयातील तरुण निवासी डॉक्टरने पोटावर हात ठेवला, जुन्या शस्त्रक्रियेचे नाव ऐकले आणि दुसऱ्या मिनिटाला रबरी नळीने सलाइनच्या पाण्याने आतडे धुवायला घेतले. सोबत प्रतिजैविके सुरू केली. त्या डॉक्टर मुलीचे आमच्यावर जन्माचे ऋण आहे. जुलाब म्हणजे आतडे रिकामे होत आहे, ही साधी समजूत या मुलांच्या बाबतीत खोटी ठरते: जुलाब चालू असतानाही आतडे तुंबलेले असू शकते. पोट फुगणे, ताप, सुस्ती आणि घाण वासाचे जुलाब एकत्र दिसले तर सकाळची वाट पाहू नये, आणि पहिल्या वाक्यात आजाराचे नाव सांगावे, एवढे चार ओळींचे मराठी पत्रक घरी सोडताना हातात असते, तर ती रात्र आमच्या वाट्याला आली नसती.

शाळेबद्दल थोडक्यात लिहिते, पण ते मनाला सर्वांत लागलेले आहे. आठ वर्षांचा हा मुलगा हुशार आहे, बुद्धिबळ खेळतो, पावकी-निमकी तोंडपाठ म्हणून दाखवतो. दिवसातून एखाद्या वेळी त्याला कळ येते तेव्हा ती थांबवून धरण्याइतका वेळ त्याच्या हाती नसतो. पहिलीत असताना मधल्या सुट्टीखेरीज स्वच्छतागृहात सोडायचे नाही, असा वर्गाचा नियम होता. व्हायचे ते झाले. बाईंनी माझ्या मुलीला बोलावून “घरी सवय लावली नाही का? ऑपरेशन तर लहानपणीच झालंय ना?” असे विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना माहीत नव्हते. त्या रात्री नातवाने मला विचारले, “आजी, माझं आतडं आळशी आहे का गं?” मी त्याला टाळकऱ्यांची आणि चोपदारांची गोष्ट सांगितली. त्याच्या पोटातली दिंडी कधी हळू चालते आणि कधी एकदम धावते, पण चालते, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही, हे त्याला पटले. नंतर मी त्या बाईंना भेटून हेच सांगितले. त्यांनी त्याला कधीही न विचारता उठून जाण्याची मुभा दिली, दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवू दिला, आणि वर्षभरात तसा प्रसंग पुन्हा दोनदाच आला. एका शिक्षिकेला माहिती मिळाल्याने एवढा फरक पडला. बहुतेक मुलांची स्थिती वाढत्या वयाबरोबर सुधारत जाते. पण ती सुधारेपर्यंतची वर्षे नेमकी शाळेची असतात.

म्हणून माझी पहिली मागणी आपल्या दोन्ही महानगरपालिकांच्या आरोग्य विभागांकडे आणि खासगी प्रसूतिगृहांकडे आहे. बाळाला घरी सोडताना फाइलवर वजनाशेजारीच पहिल्या शीची तारीख आणि वेळ लिहावी, आणि ४८ तासांत ती झाली नसेल तर बाळाला बालरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घरी पाठवू नये. याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. एक रकाना आणि एक पेन पुरते. नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाण्याची पद्धत देशात आहे, आणि घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही कल्पना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून उभी राहिली, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या भेटींत ‘शी आपोआप होते का, की काही लावावे लागते?’ हा प्रश्न आवर्जून विचारला जावा. देठ, साबणाची कांडी, बोट यांपैकी काहीही नेहमी लावावे लागते असे उत्तर आले, तर बाळाला पुढे पाठवावे. केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१३ मधील मूळ यादीत दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात हृदयदोष असे नऊ जन्मजात विकार आहेत. हा आजार त्यांत नाही. राज्य शासनाने त्याचा समावेश करण्याचा विचार करावा.

दुसरी मागणी शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांसाठी आहे. टाके काढल्यावर मूल जणू सगळ्यांच्या यादीतून गळते. आम्ही शल्यचिकित्सकांकडे गेलो की ते आहाराचे आहारतज्ज्ञांकडे पाठवत, आहारतज्ज्ञ औषधाचे पोटविकारतज्ज्ञांकडे, आणि प्रत्येक ठिकाणी माझी मुलगी पहिल्या दिवसापासूनची कहाणी पुन्हा सांगत असे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. महिन्यातून एखाद्या शनिवारी या मुलांना शल्यचिकित्सक, पोटविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि एनिमा-धुणे शिकवणारी परिचारिका एकाच जागी भेटतील अशी बाह्यरुग्ण सेवा ठाणे किंवा नवी मुंबईत एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाने सुरू करावी. तिथे आईवडील एकमेकांना भेटतील, हाही उपचारच आहे. मुलाच्या जवळ बाळगायला एक लहान कार्ड द्यावे, ज्यावर आजाराचे नाव, झालेली शस्त्रक्रिया आणि धोक्याची लक्षणे मराठीत व इंग्रजीत असतील. आम्ही ते घरीच तयार करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातले आहे. नातू सहलीला गेला तरी ते त्याच्या गळ्यात असते.

शाळांसाठी शिक्षण विभागाने परिपत्रक काढावे, की वैद्यकीय पत्र असलेल्या मुलाला कोणत्याही तासाला, न विचारता स्वच्छतागृहात जाता येईल, आणि त्या स्वच्छतागृहाला कुलूप नसेल, पाणी असेल, आतून कडी लागत असेल. शेवटच्या तीन गोष्टी तर प्रत्येक मुलाच्या हक्काच्या आहेत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. त्या बातमीतील बाळाच्या आईवडिलांपर्यंत आपले वार्ताहर पोहोचू शकतील. त्यांची इच्छा असेल तर माझा दूरध्वनी क्रमांक त्यांना द्यावा. तो मी आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. पहिला पावसाळा येण्याआधी त्यांच्याशी बोलणे झाले तर मला फार बरे वाटेल. नातू शाळेत जातो आणि त्याच्याबद्दल कोणी काय जाणावे हे मोठेपणी त्याचे त्याला ठरवता यावे, म्हणून हे पत्र छापताना माझे नाव देऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)